मी असेपर्यंत बोलायचं नाहीस

माझी वहिनी गेली त्या सकाळी पहिला शोकसंदेश आला तो केदारचा. अजून डॉक्टरसुद्धा यायचे होते. मी शेजारच्या काकांना फोन केला होता, त्यांनी सोसायटीच्या ग्रुपवर टाकलं असणार आणि तिथून कोणीतरी त्याला कळवलं असणार. सव्वासातला माझा फोन वाजला. एका धबधब्याचा फोटो, त्याच्या कोपऱ्यात वहिनीचा चेहरा चिकटवलेला, आणि खाली ओळ, 'बाई, तुम्ही दाखवलेल्या वाटेवरच चालत राहू. भावपूर्ण श्रद्धांजली.' त्याच्याही खाली त्याच्या कंपनीचं चिन्ह आणि बुकिंगसाठी नंबर. मी तो मेसेज दोनदा वाचला. आतल्या खोलीत वहिनी भिंतीकडे तोंड करून निजल्यासारखी होती, पंखा चालू होता, उशाशी चष्मा घडी करून ठेवलेला. मला रडू आलं नाही. आज सात आठवडे झाले, अजून आलेलं नाही. त्या सव्वासातला माझ्या आत जे उठलं ते रडणं नव्हतं, आणि ते अजून तसंच आहे.

'केदार' हे त्याचं खरं नाव नाही. खरं नाव छापायला संपादकांनी नकार दिला. त्यांचंही बरोबर असेल. पण ज्याला कळायचं त्याला कळेल, आणि गेल्या दोन पावसाळ्यांत कोथरूडहून रविवारी सकाळी त्याच्या बसमध्ये चढलेल्या माणसांनाही कळेल.

नलिनी ही माझ्या थोरल्या भावाची बायको. माझ्याहून सहा वर्षांनी मोठी. कोथरूडच्या एका शाळेत तिने एकतीस वर्षं भूगोल शिकवला. मी लग्न केलं नाही, विमा कंपनीत नोकरी केली आणि पेठेतल्या एका खोलीत राहिले. दादा अचानक गेला तेव्हा वहिनी एकटी पडली. त्यांना मूलबाळ नव्हतं. मी चार दिवसांसाठी म्हणून तिच्याकडे गेले आणि चौदा वर्षं राहिले. नणंद-भावजय एका छपराखाली म्हटल्यावर नातेवाइकांनी आम्हाला सहा महिन्यांची मुदत दिली होती. त्यांची निराशा झाली. भांडायचो आम्ही रोज... आमटीतल्या गुळावरून, खिडकी उघडी ठेवण्यावरून, तिच्या ओल्या मोज्यांवरून. पण माझं डोकं दुखायला लागलं की मी सांगायच्या आधी तिला कळायचं.

दादा गेल्यानंतरच्या पहिल्या जुलैत एका रविवारी पहाटे तिने मला हलवून उठवलं. "शैला, ऊठ. छत्री घेऊ नकोस, डोंगरात तिचा उपयोग नसतो." कुठे जायचंय विचारलं तर म्हणाली, "आधी चहा घे." स्वारगेटहून वेल्ह्याकडे जाणारी पहिली एसटी आम्ही पकडली. शेवटच्या थांब्यावर उतरून तासभर चालायचं होतं. दोन्ही बाजूंना भातलावणी चाललेली, वाकलेल्या बायका चिखलातून मान वर करून बघत होत्या की या दोन शहरी म्हाताऱ्या भिजत कुठे निघाल्या. पुढे एक ओढा, तो ओलांडून कातळाची चढण, आणि वळणावर एकदम तो धबधबा. कोणाचाही फोटो नाही, कोणाचीही पाटी नाही. वहिनी समोरच्या खडकावर बसली आणि अर्धा तास हललीच नाही. परत निघताना मी पाहिलं, तिचे डोळे सुजलेले होते. "इथे बरं असतं," ती म्हणाली, "रडलेलं कोणाला ऐकू येत नाही." दादाच्या दहा-बारा दिवसांत सगळ्यांसमोर ती एकदाही रडली नव्हती. ते तिने त्या खडकावर उरकलं.

त्यानंतर दर पावसाळ्यात, प्रकृती चांगली असेल तो प्रत्येक रविवार, आम्ही चालायला जात असू. हळूहळू माणसं जमली. तिच्या शाळेतल्या दोन निवृत्त बाई, खालच्या मजल्यावरच्या जोशीकाकू, बिबवेवाडीची माझी मावसबहीण. एसटीच्या मागच्या बाकांवर मावतील त्यापेक्षा जास्त माणसं तिने कधी नेली नाहीत. कोणी म्हणालं, आमच्या ऑफिसातले पंधरा जण यायचं म्हणताहेत, तर ती शांतपणे म्हणायची, "मग त्यांना सिनेमाला न्या." चालताना ती शिकवायची, पण शाळेसारखं नव्हे. कारवीच्या दांड्याला हात लावून म्हणायची, "हिला धरा, ही धरते. त्या दुसऱ्या झुडपावर विश्वास ठेवू नका." धबधब्याच्या माथ्यावर जायचं नाही, खालच्या डोहात उतरायचं नाही, शेवाळलेल्या कातळावर एका वेळी एकच पाय हलवायचा. आणि ओढा. ओढ्याबद्दल ती फार कडक होती. जाताना पाण्याच्या कडेचा एखादा दगड बघून ठेवायचा, येताना तो बुडालेला दिसला तर अलीकडेच बसायचं, दोन तास लागोत नाहीतर चार. पहिल्या वर्षी मी कुरकुर केली, ऊन पडलंय की आता, कसलं पाणी वाढतंय! ती म्हणाली, "शैला, ओढा आपल्या डोक्यावरच्या पावसाने भरत नसतो. तिकडे वर, घाटमाथ्यावर पडतो त्याने भरतो. इथे ऊन आणि तिथे धो धो... मग पाणी तुला न सांगता येतं."

त्या गावात ओढ्याच्या कडेला हिराबाई राहते. आमचा चहा तिच्याकडे. ती वहिनीला मास्तरीणबाई म्हणायची. आम्ही निघायच्या आदल्या संध्याकाळी वहिनी तिला फोन करायची. हिराबाईचं उत्तर ठरलेलं असे, "या बगा, पानी बेतानं हाय," किंवा, "नगा येऊ, वर लई झोडपतोय." नको म्हटलं की आमचा रविवार घरी. हवामान खात्याआधी वहिनीचं खातं हिराबाईकडे होतं.

केदार तिचा जुना विद्यार्थी. एका रविवारी एसटीत भेटला तेव्हा अठ्ठावीस वर्षांचा होता, कुठल्याशा सॉफ्टवेअर कंपनीत कंटाळलेला. "बाई, मला ओळखलंत? तुम्ही मला नकाशात कोकण उलटं काढलं म्हणून बाहेर उभं केलं होतंत." वहिनी इतकी हसली की कंडक्टर बघायला लागला. त्या दिवशी तो आमच्याबरोबर उतरला आणि पुढचे चार पावसाळे दर रविवारी आला. खरं सांगायचं तर मलाही तो आवडायचा. जोशीकाकूंना निसरड्या जागी हात द्यायचा, वहिनीची पिशवी स्वतःच्या खांद्यावर घ्यायचा, हिराबाईच्या चुलीपुढे बसून तिच्या म्हशीची चौकशी करायचा. वहिनी त्याच्यासाठी दोन दशम्या जास्त करायची, आणि मी बोलले की म्हणायची, "तरुण आहे, भूक लागते." प्रत्येक वाट तिने त्याला दाखवली. कुठला कातळ कधी निसरडा होतो, कुठल्या खिंडीत वारा उलटा येतो, ओढा कुठे उतरायचा आणि कुठे अजिबात नाही. दगड बघून ठेवायची सवय त्याला तिनेच लावली. मी साक्षीदार आहे. परत येताना तोच पुढे पळत जाऊन ओरडायचा, "बाई, दगड दिसतोय!"

पाचव्या वर्षी त्याने नोकरी सोडली आणि स्वतःची कंपनी काढली. पावसाळी सहली. कोथरूडहून बस, नाश्ता, जेवण, धबधब्याखाली डान्स आणि ड्रोनने काढलेला व्हिडिओ. त्याच्या जाहिरातीत वहिनीचा फोटो होता, हिराबाईच्या अंगणात चहा पितानाचा. खाली लिहिलेलं, 'मार्गदर्शन : नलिनीबाई, चाळीस वर्षांचा अनुभव.' चाळीस वर्षं तिने कुठून आणली असती, ती नेमाने चालायला लागली तीच साठीच्या जवळ. तिने त्याला फोन केला, मी समोर बसले होते.

"केदार, जाहिरातीतला माझा फोटो काढून टाक. नावही काढ."

"बाई, तुमच्या नावाने लोकांना विश्वास वाटतो."

"म्हणूनच काढ म्हणते."

त्याने फोटो काढून टाकला. नाव तसंच ठेवलं. तिने पुन्हा सांगितलं, तो म्हणाला, हो बाई, बघतो. त्यानंतर दोन रविवार आम्ही त्या ओढ्याकडे गेलो तेव्हा दोन्ही वेळा पलीकडे त्याची गर्दी होती. स्पीकर लावलेला, कातळावर रिकामी पाकिटं, सेल्फी काढणारी पोरं माथ्याच्या कडेला पाय सोडून बसलेली. दुसऱ्या वेळी वहिनी ओढ्याच्या अलीकडेच थांबली. "चल," ती म्हणाली, "दुसरा डोंगर बघू." धबधबा तिचा नव्हता, हे ती मलाही ऐकवायची. पण त्या दिवशी स्वारगेटपर्यंत ती एसटीच्या खिडकीबाहेरच बघत बसली.

मग तो रविवार. दोन वर्षांपूर्वीचा, जुलैतला. आदल्या संध्याकाळी आमचं जाणं रद्द झालं होतं, कारण हिराबाई म्हणाली होती, वर तीन दिवस थांबलेला न्हाई. फोन ठेवून वहिनी स्वयंपाकघरात आली. केदारच्या दोन बस उद्या तिथेच जाणार होत्या, हे तिला त्याच्या जाहिरातीतून माहीत होतं. तिने त्याला फोन लावला, त्याने उचलला नाही. मग बाहेरच्या खोलीत बसून ती बराच वेळ काहीतरी टाइप करत होती. जेवायला बसल्यावर म्हणाली, "सांगितलंय त्याला. ऐकत नाही. मला वाटतं उद्या सकाळी त्याच्या बससमोर जाऊन उभं राहावं." मी भात वाढत होते. मी म्हणाले, "अगं, सांगितलंस ना? तो काय कुक्कुलं बाळ आहे? आणि सत्तर माणसांसमोर तू काय तमाशा करणार आहेस? जेव आधी." ती जेवली. सकाळी ती गेली नाही. हे मी आजपर्यंत कोणाला सांगितलेलं नाही. या लेखात सगळ्यांचा हिशोब मांडायचा तर माझाही मांडला पाहिजे.

सकाळी ओढ्याला पाणी होतं, पण उतरण्याजोगं. केदारने सत्तर माणसं पलीकडे नेली. दुपारी परतताना लख्ख ऊन होतं आणि ओढा मांडीच्या वर. त्याच्या बस थेट गावापर्यंत येत; बसवाल्यांना संध्याकाळी दुसरं भाडं होतं, ते हॉर्न वाजवत होते. हिराबाई अलीकडच्या काठावरून ओरडत होती, "थांबा रं, उतरू नगा!" तिने हे मला नंतर स्वतः सांगितलं. त्याने दोर बांधला आणि एकेकाला उतरवायला सुरुवात केली. पंचवीस-तीस जण आले. मग ऋचा नावाच्या तेवीस वर्षांच्या मुलीचा हात सुटला. ती शंभर-दीडशे फूट वाहत गेली आणि खडकात अडकली. गावातल्या दोघांनी उड्या टाकून तिला बाहेर काढलं. जीव वाचला. खुबा आणि मांडीचं हाड मोडलं. चार ऑपरेशनं झाली. आता ती काठी घेऊन चालते.

दुसऱ्या दिवशी सकाळी केदारने निवेदन टाकलं. ते मला पाठ आहे. 'घटनेचं आम्हाला अतीव दुःख आहे. या वाटेची आणि ओढ्याच्या पाण्याची माहिती आम्हाला ज्येष्ठ मार्गदर्शक नलिनीबाई यांनी दिली होती. त्यांच्या अनुभवावर आम्ही विश्वास ठेवला.' एवढंच. एकही वाक्य असं नाही की ज्याला पकडून कोर्टात खेचता येईल. लोकांनी मग बाकीचं काम केलं. आजीबाईंना घरी बसवा. म्हाताऱ्यांना कसली हौस. पोरीच्या आयुष्याचं वाटोळं केलं. भाजीवालीकडे एक अनोळखी बाई वहिनीला म्हणाली, "तुम्हीच ना त्या?" आणि उत्तराची वाट न बघता कोथिंबिरीची जुडी खाली टाकून निघून गेली. वहिनीने ती जुडी उचलली, झटकली आणि घेतली.

तिसऱ्या दिवशी आम्ही हॉस्पिटलमध्ये गेलो. ऋचाचे वडील दारातच उभे होते. वहिनीने नाव सांगितलं. ते म्हणाले, "तुम्ही आत यायचं नाही. तुम्हाला लाज कशी वाटत नाही?" वहिनी म्हणाली, "वाटते." आणि वळली. जिन्यावर मी तिचा दंड धरला. "अगं, सांग ना त्यांना! तू नको म्हणाली होतीस. सांग!" ती खाली उतरतच राहिली.

पोलीस चौकीतूनही बोलावणं आलं. तिने तिथे सांगितलं की वाट मी दाखवली. आदल्या संध्याकाळी काय झालं ते त्यांनी विचारलं नाही आणि तिने सांगितलं नाही. घरी आल्यावर आमचं चौदा वर्षांतलं सगळ्यात मोठं भांडण झालं. मी म्हटलं, मी जाते चौकीत, मी पेपरात लिहिते, मी त्याच्या दारात जाऊन ओरडते. ती पलंगावर बसली होती.

"शैला, वाट मी त्याला दाखवली की नाही?"

"दाखवलीस. ओढ्याअलीकडे थांबायचं असतं हेही दाखवलंस!"

"सत्तर माणसं नेतोय हे माहीत असताना मी मेसेज केला आणि जेवून झोपले. हे खोटं आहे?"

जेव आधी, असं कोण म्हणालं होतं ते आम्हा दोघींनाही माहीत होतं, आणि तिने ते त्या दिवशीही काढलं नाही, नंतरही कधी नाही.

"मी असेपर्यंत तू बोलायचं नाहीस," ती म्हणाली. "माझी शपथ आहे."

मी शपथ पाळली. दोन पावसाळे ती घराबाहेर पडली नाही. जून लागला की खुर्ची गॅलरीत नेऊन बसायची आणि वेताळ टेकडीवरून येणारी सर बघायची. जोशीकाकू बोलवायला यायच्या, ती म्हणायची गुडघा दुखतोय. गुडघा दुखत नव्हता. दुसऱ्या वर्षी तिला जिना चढताना धाप लागायला लागली. हृदय कमजोर झालंय, असं डॉक्टर म्हणाले. या वर्षी जूनच्या पहिल्या आठवड्यात ती झोपेत गेली. दाखल्यावर जे कारण लिहिलंय ते वैद्यकीय आहे आणि बरोबरच असेल. मला वैद्यक कळत नाही. ज्या बाईने साठीनंतर शंभरावर ओढे ओलांडले तिला गॅलरीतल्या खुर्चीत कोणी बसवलं, ते मात्र कळतं.

आणि एक गोष्ट. वहिनीचं व्याकरण पक्कं होतं. ती 'कधीच बोलू नकोस' असं म्हणाली नव्हती. 'मी असेपर्यंत' म्हणाली होती.

ती गेल्यावर चौथ्या दिवशी मी तिचा फोन उघडला. केदारशी झालेलं बोलणं तिथे होतं. तिने काही पुसलं नव्हतं. ते वाचून झाल्यावर मी उठले, तोंड धुतलं आणि शोकसभेची तयारी सुरू केली. सोसायटीच्या हॉलमध्ये, रविवारी सकाळी दहा वाजता. निमंत्रणात मी वक्त्यांची नावं घातली. पहिलं नाव केदारचं. त्याला स्वतः फोन केला. "तू तिचा लाडका विद्यार्थी. तू बोलायलाच हवंस." तो म्हणाला, "काकू, माझा हक्कच आहे तो." हो बाबा, हक्कच. मग मी ऋचाच्या वडिलांना फोन केला. पहिल्यांदा त्यांनी कट केला. दुसऱ्यांदा मी म्हटलं, "एकदाच या, मुलीला घेऊन या. पुन्हा कधी फोन करणार नाही." हा सापळा होता का? होता. मी तो नीट लावला. दोन वर्षं गप्प बसलेल्या माणसाला तयारीला भरपूर वेळ मिळतो.

हॉल भरला. तिच्या तीस-तीस वर्षांपूर्वीच्या विद्यार्थिनी आल्या होत्या, हिराबाई पहिली एसटी पकडून आली होती आणि मागे जमिनीवर बसली होती, खुर्चीवर बस म्हटलं तर नको म्हणाली. ऋचा आणि तिचे वडील तिसऱ्या रांगेत. केदार पांढऱ्या कुर्त्यात, दाराबाहेर त्याचे महागातले डोंगरी बूट काढलेले. तो छान बोलला. बोलतोच तो छान. कोकण उलटं काढल्याची गोष्ट सांगितली, लोक हसले. मग आवाज खाली आणून म्हणाला, "बाईंकडून एकदा चूक झाली... माणूस आहे, होते. वयही होतं. पण आम्ही त्यांना कधीच दोष दिला नाही. मी त्यांना मनापासून क्षमा केली होती."

क्षमा! त्याने तिला क्षमा केली होती!

मी उठले. वहिनीचा फोन माझ्या हातात होता. मी म्हटलं, "केदार, बस नको, उभाच राहा. बाईंचं आणि तुझं शेवटचं बोलणं सगळ्यांना ऐकवते." आणि वाचायला सुरुवात केली. मी विमा कंपनीत तीस वर्षं पत्रं वाचून दाखवली आहेत, मला चढउतार न करता वाचता येतं.

"शनिवार, संध्याकाळी सात. नलिनी : केदार, हिराबाईंशी बोलले. वर तीन दिवस पाऊस थांबलेला नाही. उद्या ओढा ओलांडू नकोस.

केदार : बाई, बुकिंग फुल आहे. कॅन्सल नाही करता येणार.

नलिनी : मग अलीकडून दिसतो तेवढा धबधबा दाखव आणि परत आण.

केदार : लोक भिजायला येतात बाई, लांबून बघायला नाही. टेन्शन घेऊ नका.

नलिनी : सत्तर माणसं आहेत.

केदार..." इथे मी थांबले. "इथे केदारने काही लिहिलेलं नाही. अंगठा पाठवला आहे."

केदार म्हणाला, "काकू, ही ती जागा नाही."

"जागा तूच निवडायला लावलीस. चौकीत सांगितलं असतंस तर इथे वाचायची वेळ आली नसती."

"तुम्ही संदर्भ सोडून वाचताय."

मागून हिराबाई उभी राहिली. "मी वरडत व्हते की रं काठावरनं! तू बगितलंस माज्याकडं. बगितलंस आन् दोर बांदलास."

मग ऋचा उठली. वडिलांनी तिचा हात धरायचा प्रयत्न केला, तिने सोडवला. काठी टेकत ती पुढे आली आणि फारशी मोठ्याने नाही, पण स्पष्ट म्हणाली, "त्या दिवशी बसमध्ये माईकवर तुम्ही आम्हाला सांगितलं होतं, आपल्या गाइड बाईंनी ओके दिलाय. मी विचारलं होतं तुम्हाला. मीच विचारलं होतं."

तो निघाला. कोणी अडवलं नाही. पण डोंगरी बुटांच्या नाड्या लांब असतात. दाराबाहेरच्या पायरीवर बसून त्याला ते बूट घालावे लागले, एक-एक भोकातून नाडी ओढत, आणि हॉलची दोन्ही दारं उघडी होती. आम्ही सगळे त्याच्याकडे बघत होतो. एकाही बाईने मान वळवली नाही. घाईत त्याची एक नाडी तुटली. मला समाधान झालं का, असं नंतर मावसबहिणीने विचारलं. झालं. अतिशय झालं. मी कशाला खोटं बोलू?

ऋचाचे वडील सभा संपल्यावर माझ्याकडे आले. "मी त्यांना हॉस्पिटलच्या दारातून परत पाठवलं."

"हो," मी म्हटलं. "मी होते बरोबर."

त्यांना मी आणखी काही बोलावं असं वाटत होतं. मी बोलले नाही. वहिनी बोलली असती. ती त्यांना खुर्ची देऊन पाणी आणून म्हणाली असती, बापाचा जीव आहे, तुमचं काय चुकलं. पण ती आता नाही, आणि मी ती नाही.

ऋचाने नव्याने जबाब दिला आहे, मी फोन चौकीत जमा केला आहे, तिथून पुढे काय होईल ते होईल. केदारने कंपनीचं नाव बदललं, नव्या नावाने बस सुटतातच. म्हणून गेले तीन रविवार मी पहाटे उठून कोथरूडच्या ज्या चौकातून त्या सुटतात तिथे जाते. त्या संभाषणाचा कागद छापून घेतला आहे. बसच्या दाराशी रेनकोट घालून उभी राहते आणि चढणाऱ्या प्रत्येकाच्या हातात एक कागद देते. पहिल्या रविवारी त्याच्या माणसाने मला हटकलं. मी म्हटलं, "रस्ता महापालिकेचा आहे, कागद माझा आहे, तुमचं काय आहे?" गेल्या रविवारी अकरा माणसं वाचून खाली उतरली. एका मुलाने विचारलं, "आजी, तुम्हाला यातून काय मिळतं?" त्याला सांगितलं, "बस रिकामी जाते, ते मिळतं." दोन वर्षांपूर्वीच्या त्या एका सकाळी जिथे कोणीतरी उभं राहायला हवं होतं, तिथे मी आता उभी असते. उशिरा. ते मला ठाऊक आहे.

सभेत मी एक मेसेज वाचला नाही. तो त्या रविवारचा आहे, संध्याकाळचा, ऋचाला हॉस्पिटलमध्ये नेल्यानंतरचा. वहिनीने लिहिलंय, 'केदार, कुठे आहेस? घाबरू नकोस. काही खाल्लंस का? जे झालं ते जसंच्या तसं सांग. मी येते तुझ्याबरोबर चौकीत.' त्याने तो वाचला होता, तशी खूण आहे. उत्तर नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी ते निवेदन. तो मेसेज वाचायला घेतला असता तर माझा आवाज फुटला असता, आणि त्या दिवशी मला त्याच्यासमोर रडायचं नव्हतं. शिवाय मला भीती वाटली की तो ऐकून त्यालाच रडू येईल, आणि लोकांना त्याची दया येईल. तेवढीही मला त्याला द्यायची नव्हती. आता लिहिते आहे कारण हा पेपर तो एकटा वाचेल, आणि एकट्याने रडायला माझी हरकत नाही.

आमच्या फ्रिजच्या दारावर एक चिठ्ठी आहे. वहिनी एखाद्या रविवारी माझ्याशिवाय निघाली की अशी चिठ्ठी लावून जायची. ही शेवटची, त्या अपघाताच्या पंधरा दिवस आधीची; मला ताप होता म्हणून ती जोशीकाकूंबरोबर गेली होती. तिच्या गोल, फळ्यावरच्या अक्षरात लिहिलंय, 'शैला, पाणी वाढलं तर अलीकडेच बसू. उशीर होईल. घाबरू नकोस. मुगाची खिचडी झाकून ठेवली आहे.' त्या रात्री ती साडेनऊला आली होती, डोक्यापासून पायापर्यंत भिजलेली. चार तास एका झाडाखाली बसून ओढा उतरायची वाट बघितली, असं म्हणाली. जोशीकाकू वैतागल्या होत्या. पण दोघी सुखरूप घरी आल्या होत्या. चिठ्ठीची शाई आता फिकट झाली आहे, एक कोपरा वाफेने वळला आहे. मी ती काढणार नाही. केदार, तुला बघायची असेल तर ये. दार उघडेन. चहा मिळणार नाही.